नगरेतिहासाचे संग्रहालय आणि चाकांची खुर्ची

दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास इतिहास विभागाची अभ्याससहल ठरते. सूचनाफलकावर कागद लागतो, वर्गातून यादी फिरते, नावे लिहिली जातात. त्या यादीत एखादे नाव मात्र कधीच येत नाही. कुबड्या घेऊन किंवा चाकांच्या खुर्चीवरून वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्याला "तू येऊ नकोस" असे कोणीही म्हटलेले नसते. पण जेथे जायचे तेथे पायऱ्या किती, दरवाजा केवढा, वरच्या मजल्यावर जायची सोय काय, यांतले काहीच कोणाला ठाऊक नसते. मग तोच "मला जमणार नाही" असे सांगतो आणि विषय तेथेच संपतो. परीक्षेत मात्र प्रश्न सर्वांना सारखेच येतात.

पायऱ्यांचा हा प्रश्न वरवर सोयीगैरसोयीचा वाटतो. वास्तविक तो इतिहासाच्या अभ्यासाचाच प्रश्न आहे, हे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी युरोपातील एका नगरेतिहास संग्रहालयाचे उदाहरण घेऊ आणि मग आपल्याकडे वळू.

नगरसंग्रहालयाचे वेगळेपण

कलासंग्रहालयात आपण चित्रे व शिल्पे पाहतो. ती कोठलीही असू शकतात. नगरेतिहासाच्या संग्रहालयाचा विषय मात्र ते ज्या गावात उभे आहे ते गावच असते. तेथील फुटके रांजण, वजनेमापे, जुने नकाशे आणि पाण्याचे नळ कोणा एका राजाच्या मालकीचे म्हणून ठेवलेले नसतात. गाव कसे वसले, लोक काय खात होते, कपडे कोठे धूत होते, मेलेल्यांना कोठे ठेवत होते, हे तेथे सांगितलेले असते. म्हणून अशा संग्रहालयात येणारा स्थानिक माणूस पाहुणा नसतो. तो आपल्याच घरची कागदपत्रे पाहायला आलेला वारस असतो.

आता असा वारस दारातल्या तीन पायऱ्यांपाशी अडला, तर काय होते? "हे गाव सर्वांचे आहे" असे आतला फलक सांगतो आणि पायऱ्या त्याला उलट सांगतात. ज्याला आत जाताच येत नाही त्याच्या दृष्टीने ते संग्रहालय बांधलेच गेलेले नाही. येथे प्रश्न दयेचा नाही. संग्रहालय आपला विषय किती प्रामाणिकपणे मांडते, याचाच आहे.

बार्सिलोनाचे उदाहरण

स्पेनमधील बार्सिलोना ही काताल्युनिया प्रांताची राजधानी. रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात, इसवी सनापूर्वी १५ ते १० या वर्षांच्या सुमारास, येथे 'बार्किनो' नावाची वसाहत स्थापन झाली. पुढे तिच्यावरच मध्ययुगीन नगर उभे राहिले आणि त्याच्यावर आजचे.

या शहराच्या इतिहाससंग्रहालयाचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०८ पासून, जुन्या वस्तीतून 'व्हिया लायेताना' नावाचा रुंद रस्ता काढण्याचे काम सुरू झाले. त्यात पुष्कळ जुनी घरे पाडावी लागली. 'काझा पादेयास' नावाचा एक जुना वाडा वाचवण्यासाठी १९३१ मध्ये तो दगडादगडाने उतरवून 'प्लासा देल रेइ' म्हणजे राजाच्या चौकात पुन्हा उभारायचे ठरले. पायासाठी जमीन खणू लागले, तो खाली रोमन नगरच सापडले. घर हलवायला गेले आणि गावाचा पाया हाती लागला. पुढे यादवी युद्ध झाले. ते संपल्यावर, १९४३ मध्ये, आगुस्ती दुरान इ सानपेरे या इतिहासकाराच्या पुढाकाराने तेथे नगरेतिहासाचे संग्रहालय सुरू झाले.

आज चौकाच्या खाली सुमारे चार हजार चौरस मीटर क्षेत्रात हे रोमन नगर पाहता येते. तेथे कपडे धुण्याची व रंगवण्याची जागा आहे. मासे खारवून त्यांचा 'गारूम' नावाचा झणझणीत रस बनवण्याचा कारखाना आहे. द्राक्षारस तयार करण्याचे हौद व मोठमोठे रांजण आहेत. पुढे ख्रिस्ती धर्म रुजल्यावर उभ्या राहिलेल्या बिशपच्या वास्तूंचे अवशेष आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सातव्या शतकापर्यंतचा काळ येथे जमिनीवर पसरलेला दिसतो. वर, चौकाच्या कडेला, चौदाव्या शतकातील 'तिनेल' नावाचे भव्य दालन आणि राजवाड्याचे प्रार्थनामंदिर आहे. त्या प्रार्थनामंदिरात जाउमे हुगेत या चित्रकाराने १४६४-६५ मध्ये रंगवलेली वेदीमागील चित्रमालिका आहे.

येथे विद्यार्थ्याला सहज प्रश्न पडेल की, जुने गाव जमिनीखाली का जाते? गाव खाली जात नसते, जमीन वर येत असते. पडलेल्या घरांची माती कोणी उचलून नेत नाही. तिच्यावरच नवे घर बांधले जाते. शतकानुशतके असे होत गेले की रस्त्याची पातळी पुरुष-दोन पुरुष उंचावते. म्हणून प्राचीन काळाकडे जायचे तर खाली उतरावे लागते. पुरातत्त्वाचा हा पहिला धडा आहे. पण ज्याच्या पायांत उतरण्याचे बळ नाही, त्याच्यासाठी हाच पहिला अडसर ठरतो. म्हणजे इतिहासाचा थर आणि चाकांच्या खुर्चीची अडचण ही दोन्ही एकाच कारणातून, जमिनीच्या पातळीतील फरकातून, निर्माण होतात.

बार्सिलोनात या रोमन नगराकडे जाण्यासाठी लिफ्टची सोय केलेली आहे. या लिफ्टमध्ये मजल्याच्या आकड्याऐवजी इसवी सनापूर्वी १२ हे साल दिसते, अशी नोंद प्रवाशांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात आढळते. गंमत सोडून दिली तरी त्यातला विचार लक्षात घेण्यासारखा आहे. तेथे लिफ्ट ही कोपऱ्यात दडवलेली 'विशेष सोय' राहिलेली नाही. सर्वच प्रेक्षकांच्या काळप्रवासाचा ती आरंभ झाली आहे. धडधाकट माणूस आणि खुर्चीवरचा माणूस एकाच दाराने, एकाच वेळी खाली उतरतात.

खाली गेल्यावर अवशेषांच्या वरून बांधलेल्या मार्गिकांवरून फिरावे लागते. या मार्गिकांचा मूळ हेतू अवशेषांचे रक्षण हा आहे. हजारो पावले रोज भिंतींवर पडली तर दोन हजार वर्षे टिकलेली भिंत वीस वर्षांत झिजेल. परंतु रक्षणासाठी बांधलेल्या सपाट मार्गिकेवरून चाकेही जाऊ शकतात. वास्तूचे जतन आणि माणसाचा प्रवेश हे एकमेकांचे शत्रू आहेत, असा जो समज आहे त्याला यापेक्षा चांगले उत्तर सापडणार नाही. विचारपूर्वक केलेले एकच काम दोन्ही हेतू साधू शकते.

यावरून तेथे सारेच सुगम आहे, असे मात्र कोणी समजू नये. निरनिराळ्या शतकांतील इमारती एकमेकींना चिकटून उभ्या असल्या की पातळ्या जुळत नाहीत. राजचौकातील तिनेल दालनाकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्यांचा कोपरा तर पाहण्यासारखा म्हणूनच प्रसिद्ध आहे. शिवाय या संग्रहालयाची ठिकाणे शहरभर विखुरलेली आहेत. त्यांत यादवी युद्धातील बॉम्बहल्ल्यांपासून बचावासाठी लोकांनी खणलेले भुयारही आहे. अशा ठिकाणांना एकच माप लावता येत नाही. प्रत्येक जागेबद्दल वेगळी, खरी माहिती आधी देणे, हाच तेथे मार्ग उरतो.

एक गोष्ट आणखी. १९९२ साली बार्सिलोनात ऑलिंपिक आणि पाठोपाठ सप्टेंबरमध्ये पॅरालिंपिक क्रीडास्पर्धा झाल्या. त्या निमित्ताने रस्ते, पदपथ आणि वाहने यांचा विचार खुर्चीवरील माणसाच्या दृष्टीनेही करावा लागला. संग्रहालय कितीही सुगम असले तरी बसथांब्यापासून तेथवरचा पदपथ उखडलेला असेल, तर त्याचा उपयोग शून्य. नगरसंग्रहालयाची भेट घराच्या दारापासून सुरू होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

भेटीचे पाच टप्पे

खुर्चीवरील प्रेक्षकाची भेट नीट पार पडायची तर पाच टप्प्यांचा विचार करावा लागतो.

पहिला टप्पा माहितीचा. "पायऱ्या किती? लिफ्ट चालू आहे का? स्वच्छतागृहात खुर्ची जाते का?" या प्रश्नांची उत्तरे घरबसल्या मिळाली पाहिजेत. "या, काहीतरी करू" हे उत्तर प्रेमळ असले तरी निरुपयोगी आहे.

दुसरा टप्पा प्रवेशाचा. येथे थोडे गणित करू. उतरणीचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे सहा इंच उंचीची एक पायरी टाळायला सहा फूट लांबीची उतरण हवी. तीन पायऱ्यांना अठरा फूट. पुष्कळ ठिकाणी तीन पायऱ्यांवर पाच-सहा फुटांची फळी टाकून 'सोय केली' असे मानले जाते. त्या चढावर खुर्ची मागे कलंडण्याचीच भीती अधिक. दरवाजा सुमारे नव्वद सेंटीमीटर रुंद हवा आणि खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. ही मापे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित नाहीत. खिशात मोजपट्टी असली की कोणालाही ती तपासता येतात.

तिसरा टप्पा पाहण्याचा. उभ्या माणसाची नजर साधारण दीड मीटर उंचीवर असते, तर खुर्चीवरील माणसाची ११० ते १२५ सेंटीमीटरच्या आसपास. आपल्याकडील काचपेट्या बहुधा उभ्या माणसाचा विचार करून केलेल्या असतात. नाणी आडव्या पेटीत मांडलेली असली तर खुर्चीवरून दिसते ती फक्त पेटीची कड आणि काचेवर चमकणारा दिवा. शाळेतील लहान मुलांचीही हीच तक्रार असते, पण त्यांना कोणीतरी उचलून घेते.

चौथा टप्पा विसाव्याचा. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि बसायला जागा यांवाचून दोन तासांची भेट कोणालाच सुखाची होत नाही. स्वच्छतागृहाची खात्री नसल्यामुळे सकाळपासून पाणी न पिता सहलीला येणारी माणसे असतात, ही गोष्ट बरोबरीच्या लोकांना कळतही नाही.

पाचवा टप्पा मानाचा. यावर थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे. "आम्ही चौघे मिळून उचलून नेऊ" असे मित्र म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात खोट नसते. परंतु सर्वांच्या देखत सामानासारखे उचलले जाणे कोणाला आवडेल? त्यात पडण्याचा धोका आहे, तो वेगळाच. शिवाय उचलून नेलेल्या माणसाला एखाद्या वस्तूपाशी दहा मिनिटे अधिक थांबावेसे वाटले किंवा मागे वळून पुन्हा पाहावेसे वाटले, तर तो तसे म्हणत नाही. उचलणाऱ्यांचे हात दुखत असतील, या विचाराने तो "झाले माझे" म्हणतो. अभ्यास म्हणजे रेंगाळण्याचे स्वातंत्र्य. ते ज्याला नाही, त्याची भेट होते, अभ्यास होत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप संख्येचा. "असे प्रेक्षक येतात तरी किती?" २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाखांचे अपंगत्व हालचालीशी संबंधित होते. महाराष्ट्रातील एकूण नोंद २९ लाखांहून अधिक होती. यांत गुडघे दुखणारे आजी-आजोबा, गरोदर स्त्रिया आणि पाय प्लास्टरमध्ये असलेले खेळाडू धरलेले नाहीत. उतरण बांधली की तिचा उपयोग या सर्वांना होतो. खुर्चीवरचे लोक संग्रहालयात दिसत नाहीत याचे कारण ते नाहीत असे नसून त्यांना येता येत नाही, हे आहे. पूल नसलेल्या नदीच्या काठी उभे राहून "पलीकडे कोणी जातच नाही, मग पूल कशाला?" असे विचारण्यासारखाच हा युक्तिवाद आहे.

दुसरा आक्षेप जुन्या वास्तूंचा. "वाड्याला लिफ्ट लावली तर वाडेपण जाईल" ही भीती अगदीच निराधार नाही. उंच उंबरठा, अरुंद जिना आणि चौकातील दगडी पायऱ्या हीसुद्धा इतिहासाचीच साधने आहेत. उंबरठा तासून टाकणे हा उपाय नव्हे. मूळ बांधकामाला धक्का न लावणारी, पुढे काढून टाकता येईल अशी उतरण ठेवणे, महत्त्वाच्या वस्तू तळमजल्यावर आणणे, आणि वरच्या मजल्याची निदान चांगली छायाचित्रे व प्रतिकृती खाली ठेवणे, हे मार्ग मोकळे असतात. शेवटचा मार्ग अर्थातच दुय्यम आहे. तो पहिल्या दोहोंऐवजी वापरला जाऊ नये.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. पुढे २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार स्वीकारला गेला आणि भारताने २००७ मध्ये त्याला अनुमोदन दिले. त्याचे तिसावे कलम सांस्कृतिक जीवनातील सहभागाविषयी आहे. त्यातील भेद बारकाईने वाचण्याजोगा आहे. नाट्यगृहे, संग्रहालये, ग्रंथालये यांसारख्या जागांत प्रवेश मिळावा असे ते म्हणते. राष्ट्रीय सांस्कृतिक महत्त्वाच्या स्मारकांच्या व स्थळांच्या बाबतीत मात्र 'शक्य तेवढा' ही सवलत आहे. म्हणजे डोंगरी किल्ल्याला जी सूट मिळू शकते ती संग्रहालयाला आपोआप मिळत नाही.

आपल्याकडे १९९५ च्या कायद्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्याचे एकोणतिसावे कलम अवश्य वाचावे. अपंग व्यक्तींच्या ऐतिहासिक अनुभवांची नोंद ठेवणारे व त्यांचा अर्थ लावणारे संग्रहालय स्थापन करावे, असा उल्लेख त्यात आहे. अपंग माणूस केवळ प्रेक्षक नाही, तो इतिहासाचा विषयही आहे, हे येथे कायद्यानेच मान्य केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे नियम केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, काही किमान नियम बंधनकारक असलेच पाहिजेत, असा निर्णय दिला. कायदा अशा रीतीने पुढे गेला आहे. पायरी मात्र कायद्याने आपोआप सपाट होत नाही. कोणीतरी ती मोजून दाखवावी लागते.

आपल्या गावी

महाराष्ट्रात नगरेतिहासाची संग्रहालये आहेत आणि ती मोलाची आहेत. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी १८७२ मध्ये 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' सुरू झाले. १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. भाऊ दाजी (१८२२ ते १८७४) हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, आणि त्याचबरोबर शिलालेखांचे व्यासंगी अभ्यासक. जुन्या मुंबईचे नकाशे, प्रतिकृती व व्यवसायांच्या छोट्या मूर्ती यांतून तेथे शहराची घडण उलगडते.

कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील संग्रहालयाची कथा तर बार्सिलोनाशी नाते सांगणारी आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर खोदकाम झाले आणि सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती रोमन जगाशी असलेल्या व्यापाराची साक्ष देते. ज्या काळात बार्किनोत माशांचा रस रांजणांत मुरत होता, त्या काळाच्या आगेमागे रोमन जगातील माल कोल्हापुरापर्यंत येत होता. हा धागा नकाशावर शिकवणे आणि मूर्तीसमोर नेऊन शिकवणे यांत फार अंतर आहे. ते अंतर वर्गातल्या प्रत्येकाला ओलांडता आले पाहिजे.

स्वाध्याय

विद्यार्थिमित्रांनी पुढील सहलीपूर्वी एक छोटा अभ्यास करून पाहावा. आपल्या गावातील किंवा जवळच्या संग्रहालयात अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दोघातिघांनी जावे. मोजपट्टी व वही जवळ ठेवावी.

१. बसथांबा किंवा फाटक येथपासून मुख्य दारापर्यंतच्या वाटेवर किती पायऱ्या, गटारे व उखडलेल्या जागा आहेत, त्यांची नोंद करावी.

२. पायऱ्यांची एकूण उंची मोजून एकास बारा प्रमाणाने उतरणीची लांबी काढावी. तेवढी जागा अंगणात आहे का, ते पाहावे. सरळ नसेल तर वळण घेऊन बसते का, तेही पाहावे.

३. खुर्चीत बसून प्रत्येक दालनातील पाच वस्तू पाहाव्यात. कोणत्या दिसल्या नाहीत आणि कोणते फलक वाचता आले नाहीत, ते लिहावे.

४. वरच्या मजल्यावरील कोणत्या वस्तू खाली आणता येतील, याची यादी करावी. ही यादी करताना वस्तूंचे महत्त्व ठरवावे लागेल. म्हणजे हाही इतिहासाचाच अभ्यास होईल.

५. वर्गातील ज्या मित्राचे किंवा मैत्रिणीचे नाव यादीत आले नव्हते, त्यांना या कामात पहिल्यापासून घ्यावे. या विषयातील जाणकार तेच आहेत. आपण त्यांच्याकडून शिकायचे आहे.

ही नोंद नीट लिहून संग्रहालयाच्या प्रमुखांना नम्रपणे द्यावी. पुष्कळदा अधिकाऱ्यांची इच्छा असते, पण नेमके काय करावे याचा कागद त्यांच्यापुढे नसतो. तो कागद आपण देऊ शकतो. त्यातून एखादी उतरण बांधली गेली, एखादी काचपेटी वीतभर खाली आली, तरी आपल्या गावाच्या इतिहासाचे वाचक वाढतील. इतिहास विभागाच्या वर्षभराच्या कामात याहून मोठी भर ती कोणती?